चिमूटभर निओबियम आणि हलक्या पोलादाची जुनी गोष्ट

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एसजी आयर्न (गोळीदार ग्रॅफाइटचं बीड) ओतणाऱ्या कुणालाही विचारा, मॅग्नेशियमची ट्रीटमेंट फसली तर अख्खी हीट (भट्टीतला एका वेळचा रस) गेली, आणि शेवटी कास्टिंगमध्ये मॅग्नेशियम राहतं किती, तर 0.03 ते 0.05 टक्के! तेवढ्यानं ग्रॅफाइटच्या पाकळ्यांचे गोळे होतात आणि ठिसूळ बीड ताण सोसायला लागतं. गुऱ्हाळात पण तसंच की, काहिलीत रस किती आणि त्यात चुना किती, पण हात चुकला की ढेप बिघडली. म्हणून चिमटीची ताकद कोल्हापूरकराला वेगळी सांगायला नको.

पोलादात हा खेळ जुना आहे. 1908 च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये व्हॅनेडियमवालं पोलाद होतं, पार्ट बारीक करून गाडी हलकी ठेवायची म्हणून. पण खरी उडी 1958 ला, अमेरिकेतल्या नॅशनल स्टील कंपनीनं निओबियम हा धातू टाकलेलं पोलाद बाजारात आणलं तेव्हा. प्रमाण किती, तर टक्क्याचा शंभरावा भाग, फार तर दोन-चार भाग. काम कसं करतं तर गरम रोलिंग चालू असताना निओबियम कार्बन-नायट्रोजनला धरून अगदी बारीक कण बनवतं, आणि हे कण पोलादाचा दाणा (आतला स्फटिक) मोठा होऊ देत नाहीत. दाणा बारीक झाला की ताकद वाढते हे हॉलनं 1951 ला आणि पेचनं 1953 ला मांडलं होतंच, आणि यातली मजा अशी की बाकीच्या उपायांनी ताकद वाढवली की पोलाद बहुतेक वेळा ठिसूळ होतं, इथं उलट चिवटपणाही वाढतो. मग पत्रा पातळ घेता येतो आणि वजन कमी होतं.

पण पातळ पत्रा म्हणजे हलकं पोलाद नव्हे, इथं लय जणांची गल्लत होते. धातूच हलका करायचा तर ॲल्युमिनियम लागतं आणि ते चिमूटभर नाही, 5 ते 12 टक्के. लोखंडाची घनता घनसेंटिमीटरला 7.87 ग्रॅम, ॲल्युमिनियमची 2.7, म्हणजे हिशोब सरळ आहे. या पोलादात ॲल्युमिनियमच्या जोडीला मँगेनीजही असतं, म्हणून या घराण्याचा मूळपुरुष हॅडफिल्ड, त्यानं 1882 ला शेफील्डमध्ये 12-13 टक्के मँगेनीजचं पोलाद केलं, आपल्याकडच्या खडी क्रशरचे जबडे अजून त्याच जातीचे असतात. 1933 ला जर्मनीत कोस्टर आणि टोन यांनी लोखंड-मँगेनीज-ॲल्युमिनियमचा नकाशा (किती प्रमाणाला आत कोणती रचना होते तो) काढला, 1950 च्या दशकाअखेर याचं स्वस्त स्टेनलेस करायचा विचार झाला, क्रोमियम-निकेल वाचवायला, पण गंजाच्या बाबतीत ते काही स्टेनलेसच्या जवळपास पोचलं नाही. घनतेकडं लोकांचं खरं लक्ष गेलं ते बरंच नंतर, 2000 नंतर, ड्युसेलडॉर्फच्या मॅक्स प्लांक संस्थेत फ्रोमायर वगैरेंनी ही जात पुन्हा वर काढली.

इथं परत चिमूट येते. कार्बन साधारण 1 टक्का, पण तो लोखंड-ॲल्युमिनियम-मँगेनीजबरोबर कप्पा कार्बाइड नावाचं कडक संयुग बनवतो. दाण्याच्या पोटात बारीक पसरला तर ताकद, दाण्यांच्या सीमेवर जाड बसला तर तुकडा पडला! 2015 ला दक्षिण कोरियातल्या पोस्टेक विद्यापीठाच्या मंडळींनी 10 टक्के ॲल्युमिनियमच्या पोलादात 5 टक्के निकेल टाकलं (ही चिमूट नाही, मूठच म्हणा), तर जो लोखंड-ॲल्युमिनियमचा ठिसूळ फेज (वेगळ्या रचनेचा भाग) एरवी जाड पट्ट्यांत येऊन घात करायचा तोच बारीक कणांत विखुरला आणि ताकद द्यायला लागला.

पण भट्टीवाल्याची अडचण वेगळी आहे. किलिंगसाठी (रसातला ऑक्सिजन काढायला) आपण 0.02-0.05 टक्के ॲल्युमिनियम टाकतो, तेवढं निभावतं. 8 टक्के म्हटलं की रसावर ऑक्साइडची साय धरते, आणि कंटिन्युअस कास्टिंगच्या (सलग ओतकामाच्या) साच्यात रसावर टाकायच्या मोल्ड पावडरमधल्या सिलिकाशीच ॲल्युमिनियम भांडतं, पावडरचा गुणच बदलतो. प्रयोगशाळेतल्या छोट्या इन्गॉटला (ओतलेल्या ठोकळ्याला) हे चालून जातं, पण टनाच्या हीटला मेल्टर आधी विचारणार, साय साच्यात गेली तर रिजेक्शन कुणाच्या नावावर?