रंगसंकेत बिल्ला

रंगसंकेत बिल्ला : ऑटिस्टिक (स्वमग्न) व इतर न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडण बहुसंख्यांहून वेगळी असलेल्या, प्रौढांच्या मेळाव्यांत, आपल्याशी आत्ता कोणी बोलायला यावे की नाही, हे न बोलता कळवण्यासाठी लावायचा बिल्ला.

त्याचा उगम सामान्यतः ‘ऑट्रीट’ या अमेरिकी निवासी मेळाव्याशी जोडला जातो. जिम सिंक्लेअर, डॉना विल्यम्स व कॅथी लिस्नर यांनी १९९२ च्या सुमारास उभारलेल्या ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल या ऑटिस्टिक व्यक्तींच्या संघटनेने १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पहिले ऑट्रीट भरवले; २०१३ नंतर ते बंद झाले. आरंभी लाल व पिवळा ही जोडीच असावी, हिरवा मागाहून आला असावा. हे मान्य केल्यास, रंग वाहतुकीच्या दिव्यांवरून जसेच्या तसे उचलले हे नेहमीचे स्पष्टीकरण तोकडे पडते. शिवाय सिग्नलचा हिरवा परवानगी देतो. बिल्ल्यातला हिरवा विनंती करतो.

लाल : कोणीही आपणहून बोलायला येऊ नये. पिवळा : ओळखीच्यांनीच यावे, केवळ इंटरनेटवरची ओळख यात धरत नाहीत. हिरवा : बोलायचे आहे, पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. इंग्लंडमधील ‘ऑटस्केप’ (२००५ पासून) मेळाव्यात पांढराही चालतो. त्याचा अर्थ, कोणाशी कधी बोलायचे ते माझे मी पाहून घेईन. लाल बिल्लाधारक स्वतः कोणाशीही बोलू शकतो. मग त्याला उत्तर देण्यास हरकत नसते. नवखे हमखास इथेच चुकतात. ऑटिस्टिकसाठीच्या मराठीतील ‘स्वमग्न’ या शब्दामुळे लाल हाच कायमचा रंग असल्याचा ग्रह होतो. हिरव्याची गरज भासली यातच त्याचे उत्तर आहे.

बिल्ल्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचे पाकीट व त्यात मावतील अशी रंगीत कार्डे पुरतात. चालू कार्ड पुढे आणि बाकीची मागे ठेवली की रंग क्षणात बदलता येतो. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्यांसाठी कार्डावर रंगाचे नाव ठळक छापावे. गळ्यातल्या फितीला टांगलेले पाकीट चालताना उलटते आणि मागचे कार्ड समोर येऊन भलताच निरोप जातो. म्हणून फितीऐवजी चिमटा बरा. पिन मात्र नको, कापड ओढले गेलेले काहींना सहन होत नाही. नाव आणि रंग एकाच कार्डावर छापले तर रंग बदलताना नावही जाते. सकाळी लावलेला बिल्ला संध्याकाळपर्यंत तसाच राहणे ही सर्वांत सामान्य अडचण. जेवणाच्या सुट्टीआधी संयोजकाने ‘बिल्ले पाहा’ एवढी आठवण केली तरी पुष्कळ फरक पडतो.