सुटं ट्रिप्टोफॅन आणि प्रोटीनमधलं ट्रिप्टोफॅन

सोयाबीनची सोंगणी आटोपली की आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्रोजेक्टच्या वह्या येऊ लागतात, आणि त्यात हा हिशेब दर वर्षी असतोच: अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या लायसोझाइम या प्रोटीनच्या रेणूत ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो आम्ल 6 वेळा, म्हणून इलेक्ट्रोडवरचा व्होल्ट वाढवत काढलेल्या विद्युतप्रवाहाच्या आलेखावरचं शिखर सुट्या ट्रिप्टोफॅनच्या सहापट. प्रत्यक्षात शिखर बुटकं निघतं. मग पोट्टे विचारतात, "सर, काहून कमी आलं?"

सुट्या ॲमिनो आम्लाचं तुम्हाला ठाऊक आहे. कार्बनच्या इलेक्ट्रोडवर ठळक दिसतात ती मुख्यतः टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन, पीएच 7 ला साधारण 0.6 ते 0.8 व्होल्टच्या पट्ट्यात, एकमेकांना खेटून. ग्लायसीन गप्प बसतं. पीएच वाढला की शिखर कमी व्होल्टकडे सरकतं. प्रोटीनचंही तेच, कारण ऑक्सिडेशन, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून जाणं, त्याच गटांचं होतं. शिखर यायला साखळी तुटावी लागत नाही, म्हणून "आधी प्रोटीनचं विघटन होतं" हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका. मी ते दर वेळी खोडतो.

घोळ होतो तो मोजणीत. कापसाचं बोंड आठवा. बोंडात कापूस किती आहे हे ठाऊक असलं, तरी ते फुटल्याशिवाय वेचता येत नाही. लायसोझाइम 129 ॲमिनो आम्लांची घडी घातलेली साखळी आहे. तिच्यात 62व्या जागेवरचं ट्रिप्टोफॅन बाहेर उघडं आहे, 28व्या जागेवरचं आत गाडलेलं. इलेक्ट्रॉनला प्रोटीनमधून इलेक्ट्रोडवर उडी मारायची असते, आणि एक-दोन नॅनोमीटरपलीकडे ती जवळजवळ संपते. म्हणजे रेणूत किती आहेत यापेक्षा इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाजवळ किती पोचतात, हे महत्त्वाचं. शिवाय प्रोटीनचा रेणू अवजड, द्रावणातून सावकाश सरकतो. पोचला की कार्बनला चिकटतो, आणि कोणत्या अंगानं चिकटला यावरही शिखर ठरतं.

घडी उघडली की शिखर वाढतं. शेतात टाकतो तोच युरिया, फक्त शुद्ध प्रतीचा, लिटरमागे 480 ग्रॅम, म्हणजे 8 मोलर झाला की अल्ब्युमिनसारखं प्रोटीन उलगडतं. लायसोझाइममध्ये मात्र चार डायसल्फाइड बंध, म्हणजे साखळीला आतून जोडणारे गंधकाचे टाके, आहेत; ते प्रोटीन नुसत्या युरियानं सहज उघडत नाही. आणि तुलनेसाठी घेतलेल्या कोऱ्या, म्हणजे प्रोटीन नसलेल्या, द्रावणातही तेवढाच युरिया घाला. ते विसरून काढलेल्या तुलनेला मी तुलना मानत नाही.

दुसरा स्कॅन घेऊन सरासरी काढणाऱ्यांनाही सांगतो: हे ऑक्सिडेशन उलट फिरत नाही. टायरोसीनचे मूलक (इलेक्ट्रॉन गमावून उरलेले, लगेच जोडी शोधणारे तुकडे) एकमेकांना जोडले जाऊन कार्बनवर थर बसतो, दुसरं शिखर खाली येतं. म्हणून आमच्यासारख्या कॉलेजांसाठी मला महागड्या ग्लासी कार्बनपेक्षा पेन्सिलची शिसं आवडतात: प्रत्येक मोजमापाला नवी कांडी. फक्त सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच नंबरच्या घ्या, कारण शिशात ग्राफाइटसोबत माती किंवा इतर बंधकही असतो आणि त्याचं प्रमाण बदलतं.

सोयाबीनमधलं एकूण प्रोटीन हवं असेल तर केल्डालची नायट्रोजन पद्धत वापरा. इलेक्ट्रोडवरच मोजायचं असेल तर प्रमाण आलेख (ठाऊक असलेल्या प्रमाणांवरून काढलेला, तुलनेचा) त्याच प्रोटीनचा, त्याच पीएचला, तितकाच वेळ चिकटू देऊन काढा. सुट्या टायरोसीनचा आलेख तिथे लावू नका.