मॉनिटरशिवाय चालणारा तुमचा सर्व्हर : घरी नेण्याआधी हे वाचा

जुन्या कॉम्प्युटरचा घरगुती सर्व्हर करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

तुम्ही दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरचे मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस आता लागणार नाहीत. त्याला दोनच वायरी लागतील, एक विजेची आणि दुसरी राउटरकडून येणारी लॅनची. माळ्यावर ठेवा, जिन्याखाली ठेवा, गावच्या घरी एखाद्या उघड्या फडताळात ठेवा. हवा खेळती हवी, ओल आणि उंदीर नकोत, एवढीच अट. घरातले फोटो साठवणे, दवाखान्याच्या किंवा दुकानाच्या फायलींची रोज रात्री प्रत घेणे, सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग, अशी कामे तो मुकाट्याने करत राहील.

काउंटरवर हमखास येणारा प्रश्न असा : "त्याचा स्क्रीन माझ्या लॅपटॉपवर दिसणार ना?" दाखवता येतो, पण आम्ही तसे करत नाही. व्हीएनसी किंवा विंडोजचा रिमोट डेस्कटॉप वापरायचा, तर त्या जुन्या मशीनला चित्रे, खिडक्या, चिन्हे सगळे सतत रंगवत बसावे लागते, तेही कोणी पाहत नसताना. दोन जीबी रॅमच्या मशीनला तेवढ्यानेच धाप लागते. शिवाय मॉनिटर जोडलेला नसला की काही ग्राफिक्स कार्डे चित्र तयारच करत नाहीत, किंवा अगदी कमी रिझोल्यूशनचे करतात. मग मॉनिटर असल्याची बतावणी करणारा डमी प्लग मागे खोचावा लागतो. म्हणून आम्ही विंडोजच्या जागी डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवतो आणि त्यात डेस्कटॉप, म्हणजे चित्रे-खिडक्यांचा पडदा, घालतच नाही. मशीनशी बोलायचे ते टाइप करून.

टाइप करायचे म्हणजे एसएसएचने, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनला नेटवर्कवरून हुकूम देणाऱ्या प्रोग्रामने. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड कोणीतरी चोरून टिपले, तेव्हा तिथल्या टाटू यूलोनेन यांनी १९९५ मध्ये हा प्रोग्राम लिहिला. त्याआधीच्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत जात असे. एसएसएचमध्ये सगळा मजकूर कुलूपबंद जातो. तुमच्याकडे तो बहुधा आधीपासून आहे : २०१८ पासूनच्या विंडोज १० मध्ये, मॅकमध्ये आणि लिनक्समध्ये तो आलेलाच असतो. अँड्रॉइड फोनवर एखादे साधे अ‍ॅप घ्यावे लागते. टाइप करायच्या ओळी सोबतच्या कार्डावर छापल्या आहेत. ते कार्ड कॅबिनेटला चिकटवू नका, स्वतःजवळ ठेवा. कॅबिनेटपाशी बसून तुम्ही काम करणारच नाही आहात.

या सर्व्हरला पासवर्ड टाकून आत जाता येत नाही. किल्लीच्या दोन फायली असतात. एक सर्व्हरवर बसवली आहे, दुसरी तुम्हाला पेन ड्राइव्हवर देत आहोत. ती लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि पेन ड्राइव्ह कपाटात ठेवा. ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाही पाठवू नका, अगदी मुलाला किंवा पुतण्यालाही नाही. त्याच्यासाठी वेगळी किल्ली करून देता येते, आणि पुढे नको झाली तर फक्त तीच रद्द करता येते.

पहिल्यांदा जोडणी कराल तेव्हा मशीन एक लांबलचक ओळ दाखवून "हाच सर्व्हर ना?" असे विचारेल. ती ओळ कार्डाच्या मागे छापली आहे. ताडून पाहा, मगच हो म्हणा. पुढे कधी "सर्व्हरची ओळख बदलली आहे" असा दरडावणारा इशारा आला, तर बहुतेक वेळा कारण साधे असते : सर्व्हर नव्याने बसवला आहे किंवा राउटरने तोच पत्ता दुसऱ्या मशीनला दिला आहे. तरी आधी आम्हाला विचारा.

लाइट गेली आणि आली, की काय होते

लांबून मशीन चालवणे हा यातला सोपा भाग. मशीन आपणहून परत उठून बसणे हा कठीण भाग. नोकरी पुण्यात आणि सर्व्हर साताऱ्याच्या घरी, अशी स्थिती असेल तर वळवाच्या पहिल्या पावसात याचा अनुभव येईल. त्यामुळे आमचा बराचसा वेळ एसएसएचवर नव्हे, इथे जातो.

मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, वीज परत आल्यावर काय करायचे याची एक नोंद असते. घरगुती मशीनमध्ये ती सहसा 'बंदच राहा' अशी असते. ती आम्ही 'सुरू हो' अशी करतो. दुसरी नोंद चुका आढळल्यावर थांबण्याची. जुन्या बायोसला कीबोर्ड सापडला नाही की तो तिथेच अडतो आणि पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा म्हणतो. कोणत्या कीबोर्डावर, ते त्यालाच माहीत! तेही थांबणे आम्ही बंद करतो.

पण या दोन्ही नोंदी लक्षात राहतात त्या मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या सेलच्या जिवावर. दहा वर्षांच्या मशीनमधला हा सीआर२०३२ सेल बहुतेकदा मेलेला असतो. मग पुरती लाइट गेली की कित्येक बोर्ड सगळे विसरतात आणि कारखान्यातून आले तसे वागू लागतात. घड्याळही मागच्या कुठल्या तरी वर्षात जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात. म्हणून न विचारता आम्ही प्रत्येक मशीनचा सेल बदलतो. या कामातला सर्वांत स्वस्त भाग तोच, आणि सर्वांत उपयोगाचाही.

यूपीएस घ्यावा का? घ्यावा, आणि यूएसबीने कॉम्प्युटरला निरोप देणारा घ्यावा. छोटा घरगुती यूपीएस काही मिनिटेच टिकतो. तेवढ्यात सर्व्हरने फायली नीट मिटून बंद व्हावे, हा हेतू. यात एक खोच आहे. यूपीएसच्या निरोपावरून सर्व्हर बंद झाला आणि यूपीएसची बॅटरी संपण्याआधीच लाइट परत आली, तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती. मग 'वीज आल्यावर सुरू हो' ही नोंद कामाला येत नाही आणि मशीन बंदच पडून राहते. चांगल्या यूपीएसला, सर्व्हर बंद झाल्यावर स्वतःचाही पुरवठा क्षणभर तोड, असे सांगता येते. अगदी स्वस्तातले काही यूपीएस हे ऐकत नाहीत. यूपीएस विकत घेण्याआधी मॉडेल आम्हाला दाखवा.

ज्यांचा यूपीएस ऐकत नाही त्यांच्यासाठी वेक-ऑन-लॅन हा उपाय आहे. बंद मशीनचे लॅन कार्ड थोड्या विजेवर जागे असते आणि ठराविक हाकेची वाट पाहते. ती हाक १०२ बाइटची : आधी सहा ठराविक बाइट, मग त्या कार्डाचा सहा बाइटचा पत्ता सोळा वेळा. एवढे ऐकले की कार्ड मशीनला उठवते. मात्र ही हाक घरातल्याच नेटवर्कमधून मारावी लागते, म्हणजे चालू असलेले दुसरे काहीतरी घरात हवे. काही राउटरमध्ये ही सोय असते. वायफायवर भरवसा ठेवू नका, लॅनची वायरच लावा.

एक विनंती. दवाखान्यासारख्या ठिकाणी पूर्ण हार्ड डिस्कला कुलूप लावून हवे असते, आणि ते रास्त आहे. पण तसे केले तर मशीन दर वेळी सुरू होताना पासवर्ड मागते, आणि समोर मॉनिटर नाही की कीबोर्ड नाही. त्यावर तोड आहे : सुरुवातीच्याच टप्प्यात एक छोटा एसएसएच सर्व्हर उठवायचा आणि पासवर्ड लांबून द्यायचा. मात्र लाइट येईल त्या प्रत्येक वेळी कोणीतरी तो द्यायला हवा. रात्री तीनलासुद्धा. म्हणून बहुतेक ग्राहकांना आम्ही फक्त रुग्णांच्या फायलींचा भाग कुलूपबंद करून देतो.

घराबाहेरून जोडताना

बरेच फायबरवाले आणि केबलवाले आता इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक (आयपी) पत्ता अनेक घरांत वाटून देतात. राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुमचे घर त्यातलेच. मग बाहेरून कोणी थेट तुमच्या राउटरपर्यंत पोहोचू शकत नाही. यूट्यूबवर सांगतात ते पोर्ट उघडण्याचे उपाय इथे लागू पडत नाहीत, म्हणून त्यात रविवार घालवू नका.

ज्यांचा पत्ता स्वतःचा आहे त्यांनाही आम्ही २२ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे एसएसएचचे दार, इंटरनेटला उघडून देत नाही. उघडले की जगभरातले स्वयंचलित प्रोग्राम 'रूट', 'अ‍ॅडमिन' अशी नावे घेऊन दार ठोठावू लागतात, आणि ते थांबत नाहीत. किल्ली असल्याने ते आत येणार नाहीत, पण ठोठावू तरी कशाला द्यावे? त्याऐवजी आम्ही वायरगार्ड बसवतो, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत कुलूपबंद खासगी वाट (व्हीपीएन) देणारा प्रोग्राम. मार्च २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे, जुन्या मशीनवरही हलका चालतो, आणि ओळख पटल्याशिवाय उत्तरच देत नाही. बाहेरच्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. पत्ता वाटून मिळालेल्या घरांत आम्ही टेलस्केल लावतो. तेही वायरगार्डवरच चालते, पण तुमचा लॅपटॉप आणि सर्व्हर दोघेही आपल्याकडून बाहेर जोडणी करतात आणि मधली सेवा त्यांची गाठ घालून देते. त्या सेवेत खाते काढावे लागते. ज्यांना हे नको असेल त्यांनी इंटरनेट कंपनीकडून स्थिर पत्ता घ्यावा, त्याचे पैसे सहसा वेगळे पडतात.

फायरवॉलचे, म्हणजे कोणाला आत येऊ द्यायचे ते ठरवणारे, नियम स्वतः बदलणार असाल तर दोन एसएसएच खिडक्या उघडा, एकीत बदल करा आणि दुसरी हात न लावता चालू राहू द्या. नियम चुकला आणि स्वतःच बाहेर राहिलात, तर घरी जाऊन मॉनिटर जोडण्यावाचून इलाज नाही. पाच मिनिटांनी जुने नियम आपोआप परत लावणारी ओळ कार्डावर आहे, ती आधी टाका. लांबलचक काम चालू करताना सर्व्हरवरचा टीमक्स हा प्रोग्राम वापरा. मधेच घाटात रेंज गेली तरी काम सर्व्हरवर चालूच राहते आणि नंतर त्याच जागी परत जाता येते.

आमच्याकडून कोणीही फोन करून एनीडेस्कचा (लांबून तुमचा स्क्रीन चालवू देणाऱ्या अ‍ॅपचा) क्रमांक किंवा ओटीपी मागणार नाही. असल्या अ‍ॅपमधून खाती रिकामी करण्याच्या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते, आणि प्रकार अजून थांबलेले नाहीत.

विजेचे बिल

नुसता जागा असलेला जुना डेस्कटॉप ६० वॅट खात असेल तर महिन्याचे सुमारे ४३ युनिट होतात. १५ वॅटचा जुना लॅपटॉप महिन्याला ११ युनिटवर भागवतो. तुमच्या बिलातल्या दराने गुणून पाहा. फुकटचा सर्व्हर फुकट नसतो. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस, म्हणून दोन्हींपैकी निवडायचे तर आमचा कौल लॅपटॉपला. झाकण मिटले तरी तो झोपणार नाही अशी सोय आम्ही करतो. मात्र सतत चार्जिंगवर राहिलेली जुनी बॅटरी फुगू शकते. महिन्यातून एकदा तळाशी हात फिरवा, फुगवटा जाणवला तर बंद करून घेऊन या.

३२ बिटचे मशीन आम्ही आता घेत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलर नाही, आणि अपडेट नसलेला सर्व्हर नेटवर ठेवणे आम्हाला पटत नाही. विंडोज १० चे अपडेट थांबल्यामुळे अडगळीत गेलेले ६४ बिटचे मशीन मात्र खुशाल आणा, असली मशीन या कामाला उत्तम.

सर्व्हर उत्तर देत नसेल तर

घरी जे कोणी असेल त्यांना फोन करून या क्रमाने पाहायला सांगा. आधी राउटरचे दिवे. मग सर्व्हरमागे लॅनची वायर जिथे खोचली आहे तिथला दिवा. तो पेटलेला असेल आणि तरी सर्व्हर बोलत नसेल, तर पॉवरचे बटण एकदाच, हलके दाबायचे आणि दोन मिनिटे थांबायचे. त्याने मशीन नीट बंद होते. नंतर पुन्हा दाबून सुरू करायचे. बटण दाबून धरायचे नाही. चार-पाच सेकंद धरले की वीज तोडल्यासारखेच होते आणि फायलींना धक्का बसू शकतो.

एवढ्यानेही उठला नाही तर फक्त कॅबिनेट आणा, लॅपटॉप असेल तर चार्जरही. मॉनिटर, कीबोर्ड, वायरी दुकानात आहेत. यूपीएसवर शंका असेल तर तोही आणा. हार्ड डिस्क खराब निघाली तर आम्ही नवी बसवून सगळे पुन्हा उभे करून देऊ, पण त्यावरचा मजकूर परत मिळण्याची हमी देत नाही. रोजची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते आहे की नाही, ते कार्डावरची शेवटची ओळ टाकून दर महिन्याला पाहत जा.