आधी गुणक, मग कसोटी: मल्टिपल रिग्रेशनमागचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

मल्टिपल रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीवर अनेक कारणांचा वेगवेगळा परिणाम किती, हे एकाच समीकरणातून काढण्याची रीत. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ते चालवलं की एक तक्ता समोर येतो. प्रत्येक चलाची, म्हणजे प्रत्येक कारणाची, एक ओळ आणि ओळीत चार आकडे: गुणक (त्या कारणाचा परिणाम किती), त्याची स्टँडर्ड एरर (त्या गुणकात किती चूक असू शकते), टी (गुणक भागिले स्टँडर्ड एरर) आणि पी (खरा गुणक शून्य असतानाही एवढा मोठा टी योगायोगाने येण्याची शक्यता). चौघे एकदमच छापून येतात, म्हणून ते एकदमच जन्मले असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या आणि शेवटच्या रकान्यात शतकाहून जास्त अंतर आहे.

गुणक काढण्याची रीत, म्हणजे उरलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवणारी लघुतम वर्ग पद्धत, फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरच्या ग्रंथात छापली. १८०९ मध्ये जर्मन गणिती गाउस यांनी तीच मांडली आणि 'मी ही १७९५ पासून वापरतोय' असंही सांगून टाकलं. त्यावरून दोघांत जे बिनसलं ते बिनसलंच. पण आपल्या दृष्टीने गाउस यांचं मोठं काम पुढचं, १८२१ ते १८२३ मधलं आहे. काढलेल्या गुणकात किती चूक असू शकते, याचा हिशोब त्यांनी दिला. त्यातली एक बारीक गोष्ट पुढे फार कामाला आली. गुणक बसवताना आपण निरीक्षणांच्या शक्य तितकं जवळ जातो, त्यामुळे उरलेले फरक खऱ्या चुकांपेक्षा लहान दिसतात. म्हणून त्यांच्या वर्गांची बेरीज निरीक्षणांच्या संख्येने भागायची नाही. निरीक्षणांतून गुणकांची संख्या वजा करून जे उरेल त्याने भागायची.

म्हणजे स्टँडर्ड एररपर्यंतचं सामान १८२३ मध्येच तयार होतं. मग कसोटीला, म्हणजे टी आणि पी या रकान्यांना, एवढा उशीर का? माझ्या मते, खगोलशास्त्राला तो प्रश्नच पडत नव्हता. ग्रहाच्या कक्षेचा कल किती, हे खगोलशास्त्रज्ञांना अचूक हवं होतं. कल हा घटक समीकरणात असावा की नसावा, अशी शंका घ्यायला जागा नव्हती; न्यूटनच्या नियमाने ते ठरवून दिलं होतं. 'हा गुणक खरं तर शून्य तर नाही ना?' हा प्रश्न कोणती कारणं धरायची हेच ठाऊक नसलेल्या माणसाचा आहे.

असा माणूस म्हणजे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज उडनी युल. १८९९ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या दारिद्र्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. तिथल्या गरीब कायद्याखाली मदत दोन प्रकारे मिळे: वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या आश्रयगृहात, भरती होऊन, नाहीतर घरबसल्या. घरबसल्या मदत वाढवली की सरकारी मदतीवर जगणारे वाढतात का, हा त्या काळचा वादाचा मुद्दा. नुसती दोन आकड्यांची जोडी लावून भागणार नव्हतं, कारण म्हाताऱ्यांचं प्रमाण आणि लोकसंख्याही बदलत होती. युल यांनी तिन्ही गोष्टी एकाच समीकरणात घातल्या. १८७१ ते १८८१ या दशकासाठी, लंडन महानगरातल्या ३२ युनियनांच्या (गरीब कायद्याखालच्या मदत-विभागांच्या) आकड्यांवरून त्यांना मिळालेले गुणक असे: घरबसल्या मदतीच्या प्रमाणातल्या बदलाला ०.७५५, म्हाताऱ्यांच्या प्रमाणातल्या बदलाला उणे ०.०२२ आणि लोकसंख्येतल्या बदलाला उणे ०.३२२.

त्या मधल्या आकड्याकडे जरा बघा. उणे ०.०२२ म्हणजे म्हातारे वाढले की दारिद्र्य किंचित घटतं, असं म्हणायचं की तो नुसता आकड्यांचा खडखडाट? आज कुणीही ३२ वजा ४ (तीन गुणक आणि एक स्थिर पद), म्हणजे २८ डिग्रीज ऑफ फ्रीडम (गुणक काढून झाल्यावर उरलेली मोकळी निरीक्षणं) धरून दोन मिनिटांत उत्तर देईल. इतक्या थोड्या निरीक्षणांसाठी नेमकी चालेल अशी कसोटी युल यांच्या काळी अस्तित्वातच नव्हती. शहाणपण मात्र होतं. 'यामुळे' हा शब्द काटेकोरपणे 'याच्याशी संबंधित' असा वाचावा, अशी तळटीप त्यांनी त्याच निबंधात देऊन ठेवली. ती तळटीप आजच्या कित्येक शोधनिबंधांना उसनी द्यावीशी वाटते.

कोंडी फुटली ती डब्लिनच्या गिनेस कारखान्यातून. तिथले विल्यम गॉसेट बिअरसाठी लागणाऱ्या बार्लीच्या मोजक्या नमुन्यांवरून निर्णय घेत. नमुना लहान असला की सरासरी आणि तिची अंदाजी चूक यांचं गुणोत्तर नेहमीच्या घंटाकार वक्रात बसत नाही, हे त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने दाखवलं. हे सगळं सरासरीपुरतं होतं. १९२२ मध्ये त्यांनी ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांना पत्र लिहून विचारलं, की लहान नमुन्यात रिग्रेशन गुणकाचं वितरण काय असतं? फिशर यांचा निबंध त्याच वर्षी आला. चुका नॉर्मल, म्हणजे त्याच घंटाकार, वितरणाच्या असतील, तर गुणकाचा अंदाज आणि उरलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज एकमेकांपासून स्वतंत्र असतात. म्हणून खरा गुणक शून्य असेल, तर काढलेल्या गुणकाला त्याच्या स्टँडर्ड एररने भागलं की गॉसेट यांचंच वितरण मिळतं. फक्त डिग्रीज ऑफ फ्रीडम मोजताना जितके गुणक काढले तितके वजा करायचे. गाउस यांची वजाबाकी शंभर वर्षांनी अशी कामाला आली.

फिशर तेव्हा हर्टफर्डशायरमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात होते. १९२५ च्या त्यांच्या संशोधकांसाठीच्या पुस्तकात एक उदाहरण त्याच परगण्यातलं आहे. पावसाची ५७ मोजणी-ठिकाणं, आणि प्रत्येकाचे रेखांश, अक्षांश व समुद्रसपाटीपासूनची उंची. कारणं तीन, वर एक स्थिर पद, म्हणून ५७ वजा ४, म्हणजे ५३. तिथे त्यांनी एक युक्ती दिली: समीकरणं थेट न सोडवता उजव्या बाजूला आळीपाळीने १, ०, ० ठेवून सोडवायची. त्यातून जे आकडे निघतात त्यांनी गुणकही मिळतात आणि प्रत्येकाची स्टँडर्ड एररही. आज आपण त्याला मॅट्रिक्सचा व्यस्त म्हणतो आणि तो संगणक काढतो. तेव्हा हे हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर चालायचं. पी वीसात एक, म्हणजे ०.०५ पेक्षा लहान असेल तर गुणक शून्य नाही असं मानायचं, ही सोयीची रेषाही याच पुस्तकामुळे रुळली. फिशर यांना ती सोयीची वाटली, एवढंच; पुढच्यांनी तिची लक्ष्मणरेषा केली.

एकेका गुणकाची कसोटी पुरत नाही, हेही शेतातच कळलं होतं. ब्रॉडबॉक शेतातल्या गव्हावर पावसाचा परिणाम शोधताना वर्षाचे सहा-सहा दिवसांचे तुकडे पाडले, तर चलं साठाच्या वर जातात आणि उत्पन्नाची वर्षंही साधारण तेवढीच. एवढी चलं हाताशी असली की त्यातली काही निव्वळ योगायोगानेही जुळतात. शिवाय दोन चलं एकमेकांना चिकटलेली असली, तर दोघांचेही टी किरकोळ येतात आणि दोघं मिळून मात्र भरपूर सांगतात. अशा वेळी 'हे सगळे गुणक मिळून शून्य आहेत का?' असं विचारावं लागतं. त्यासाठी फिशर यांनी दोन प्रसरणांच्या (आकड्यांच्या पसाऱ्याच्या मापांच्या), म्हणजे चलांनी उलगडलेल्या आणि उरलेल्या फरकांच्या, गुणोत्तराचा निम्मा लॉगॅरिदम घेतला आणि त्याला झेड म्हटलं. १९३५ मध्ये पोलिश संख्याशास्त्रज्ञ नेमन यांचे विद्यार्थी कोलोद्झेचिक यांनी गुणकांवरच्या कोणत्याही रेषीय अटीची कसोटी एकाच साच्यात बसवली.

शेतातली ही अवजारं अर्थशास्त्रात गेली, तेव्हा कुरकुर झालीच. शेतात कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येतं, बाजारभावाचं काय? नॉर्वेचे अर्थशास्त्रज्ञ फ्रिश यांना कसोट्यांपेक्षा चलांच्या आपसातल्या गुंत्याची काळजी जास्त होती. त्यांचेच शिष्य हावेल्मो यांनी १९४४ मध्ये संभाव्यतेची भाषा अर्थशास्त्रज्ञांच्या गळी उतरवली. चुकांचा पसारा सगळीकडे सारखा नसेल तर नेहमीची स्टँडर्ड एरर फसवते, यावरचा अर्थशास्त्रज्ञ व्हाइट यांचा उपाय १९८० मध्ये आला आणि आता तो जवळजवळ सवयीचा झालाय.

आपल्याकडे ही कसोटी शेतीच्याच वाटेने आली. फिशर यांच्या झेडमधला लॉगॅरिदम प्रयोगशेतांवरच्या लोकांना अडचणीचा वाटे, म्हणून कोलकात्यात महालनोबिस यांनी १९३२ मध्ये थेट गुणोत्तराचे तक्ते छापले. अमेरिकेत स्नेडेकर यांनी १९३४ मध्ये त्याच गुणोत्तराला फिशर यांच्या आद्याक्षरावरून 'एफ' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी शेती संशोधकांसाठी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये काढलं. कृषी महाविद्यालयांतल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत 'पानसे आणि सुखात्मे' ही जोडी आजही हमखास सापडते.