फुलपाखरू एका दिवसाचं नसतं

‘फुलपाखराचं आयुष्य एकाच दिवसाचं,’ असं बडोद्यातल्या आपल्या घरांत आज्या नातवंडांना सांगत आल्या आहेत. ते खरं नाही. बहुतेक जातींची प्रौढ फुलपाखरं आठवडा ते काही आठवडे जगतात. उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यासाठी मेक्सिको गाठणारी मोनार्क फुलपाखरांची पिढी तर सात-आठ महिने.

आणि पंख फुटण्याआधीचं आयुष्य आपण धरतच नाही. दांडिया बाजारातल्या एखाद्या अंगणात कढीपत्त्याची पानं निरखून बघा. लिंबू फुलपाखराची कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचलंत तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते. त्याला उग्र वास येतो. शत्रूला हुसकावायची ही तिची सोय. माणसाला ती चावत नाही की डंख मारत नाही. तरी कीड म्हणून तिच्यावर फवारा मारला जातो.

‘एका दिवसाचा जीव, जाणारच’ हा समज मला म्हणूनच घातक वाटतो. फुलपाखरं कमी होतात ती कीटकनाशकांमुळे आणि अळीच्या खाद्याची झाडं तोडल्यामुळे. अळी वाट्टेल ते पान खात नाही. लिंबू फुलपाखराला लिंबू, बेल, कढीपत्ता लागतो. प्लेन टायगर नावाच्या फुलपाखराला रुई. आणि मोकळा प्लॉट साफ करताना रुईच आधी उपटली जाते! नुसता झेंडू लावून ही उणीव भरत नाही. कढीपत्त्याची चार पानं कुरतडली तर कुरतडू द्या, झाड पुन्हा फुटतं.