ओल्या बोटाचं इंडक्शनला वावडं का?

मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या 'युरो एनकॅप'ने २०२६पासून निकष कडक केले आहेत. इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आणीबाणीत मदत मागायची सोय टचस्क्रीनच्या पोटात दडवली, तर गुण कापले जातात. हे ऐकून इंदूरला रामबागेत राहणाऱ्या आमच्या काकूंनी विचारलं, "मग माझ्या शेगडीनेच काय घोडं मारलंय?"

त्यांचा इंडक्शन नेमका पोह्यांच्या घाईत रुसतो. पोहे भिजवलेला हात तसाच वजाच्या खुणेवर गेला, की आच कमी होणं राहिलं बाजूला, टींटीं वाजून सगळंच बंद. महाराणी रोडवरच्या दुकानदाराचं निदान असं: "भिया, माताजी की उंगली में करंट कम है."

असला करंट बोटात नसतो. तांब्याच्या अंगठ्या आणि चुंबकाची कडी खपवणारे हीच भाषा बोलतात. हातात काकडी धरून तिचं टोक टेकवलं तरी हे बटण चालतं, कारण क्षार विरघळलेलं पाणी तिच्यातही आहे.

काचेखाली प्रत्येक खुणेमागे तांब्याची टिकली किंवा धातूची स्प्रिंग असते. चिप तिच्यात सेकंदाला शेकडो वेळा विद्युतभार भरते, रिकामा करते आणि किती भार मावला ते मोजते. ही धारिता साधारण दहा पिकोफॅरड. एक पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा लाख कोटीवा भाग. चार मिलिमीटर काचेपलीकडून बोट आलं की त्यात जेमतेम अर्ध्या-एक पिकोफॅरडची भर पडते. तेवढ्यावरून चिपला 'दाबलं' असा अंदाज बांधायचा असतो. बोटाचा दाब तिला कळतच नाही.

आता पाणी. त्याचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे भार साठवायला हातभार लावायची ताकद, ८० च्या आसपास, काचेचा पाच ते दहा. शिवाय नळाचं पाणी वीजवाहक. ओघळ शेजारच्या टिकलीवर गेला, की एका बोटाची दोन-तीन बटणं होतात. चिप गोंधळते आणि सावधगिरी म्हणून शेगडी बंद करते.

यावर एक तोड आहे आणि ती मला फार आवडते. टिकलीभोवती तांब्याचं कडं ठेवायचं आणि त्याला क्षणोक्षणी टिकलीइतकाच व्होल्टेज द्यायचा. दोघांत व्होल्टेजचा फरकच नाही म्हटल्यावर मधल्या थेंबातून भार वाहणार कशाला? थेंब चिपला जवळजवळ अदृश्य होतो. बोट मात्र शरीरामार्फत जमिनीशी जोडलेलं असल्याने दिसतं. पण तोच ओघळ जमिनीशी जोडलेल्या धातूच्या चौकटीला टेकला, की तोही बोटासारखाच दिसू लागतो.

दुसरी भानगड हिशेबाची. उष्णता आणि दमटपणाने मोजमाप हळूहळू सरकतं, म्हणून चिप 'कोऱ्या काचे'ची नोंद सतत सुधारत असते. ओल बराच वेळ राहिली तर तीच नोंद मुरते; मग फडकं फिरवल्यावर कोरड्या बोटाचीही दखल घेतली जात नाही. अशा वेळी काच कोरडी करून, भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा लावावा. नोंद नव्याने होते.

स्वयंपाकघरात ही रचना मुळात का, याचं उत्तर पैशात आहे. नॉब म्हटला की काचेला किंवा चौकटीला भोक, दांडा, सील आणि जोडणारा कामगार आला. तांब्याची टिकली सर्किटसोबत फुकटात छापून निघते, आणि जाहिरातीत तिला 'प्रीमियम' म्हणतात. काकूंना मी पुढच्या वेळी नॉबवालाच घ्यायला सांगितलंय.