३९५ कलमे, मग ३१-अ कुठून आले?

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली तेव्हा तिच्यात ३९५ कलमे, २२ भाग आणि ८ परिशिष्टे होती. आजही प्रत उघडली तर शेवटचे कलम ३९५च. पण मधली कलमे मोजत गेलो तर आकडा साडेचारशेच्या घरात जातो, भाग २५ होतात आणि परिशिष्टे १२. अमेरिकेच्या घटनेत दुरुस्त्या शेवटी ओळीने जोडतात. तिथे १९१९ची दारूबंदीची दुरुस्ती आणि ती रद्द करणारी १९३३ची, दोन्ही आजही छापलेल्या दिसतात. आपल्याकडे दुरुस्ती मूळ मजकुरातच मुरवली जाते. जुन्या कलमांचे आकडे ढळू नयेत म्हणून नव्याला शेजारच्याचा आकडा आणि एक अक्षर मिळते. एकट्या ३७१ मागे अशी दहा कलमे उभी आहेत.

दुरुस्तीचे दार कलम ३६८ मध्ये आहे: प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र-राज्य अधिकारवाटप अशा विषयांना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. काही बदल मात्र साध्या बहुमताने होतात आणि घटनादुरुस्ती म्हणून मोजलेही जात नाहीत. १ मे १९६०ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले ते संसदेच्या एका साध्या कायद्याने. पहिल्या परिशिष्टातली राज्यांची यादी बदलली, पण दुरुस्त्यांच्या क्रमांकात त्याची नोंद नाही. इतके मोठे आंदोलन, आणि घटनेच्या हिशेबी ती दुरुस्तीच नव्हे!

पहिली दुरुस्ती घटना जेमतेम दीड वर्षाची असताना, जून १९५१ मध्ये झाली. पहिली सार्वत्रिक निवडणूकही व्हायची होती. संसद हंगामी होती. कारणे न्यायालयांत घडली होती. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली. त्याच प्रांताचा महाविद्यालयीन प्रवेशांतील जातवार जागावाटपाचा आदेश चंपकम दोरायराजन खटल्यात रद्द झाला. पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनदारीविरोधी कायदा घटनाबाह्य ठरवला. नेहरू सरकारने तिन्हींवर एकाच विधेयकात उत्तर दिले: अभिव्यक्तीवरील निर्बंधांची कारणे वाढवली, मागास वर्गांसाठी १५(४) आणले आणि जमीन सुधारणा वाचवण्यासाठी ३१-अ, ३१-ब आणि नववे परिशिष्ट.

या परिशिष्टाची करामत अशी, की त्यात नाव लागलेला कायदा मूलभूत हक्कांच्या विरोधात आहे म्हणून रद्द करता येत नसे. सुरुवातीला १३ कायदे होते, सगळे जमिनीचे. पहिल्या क्रमांकावर बिहारचा, दुसऱ्यावर १९४८चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, म्हणजे आपला कूळ कायदा. सातबाऱ्यावर कुळाचे नाव लागले त्यामागे घटनेतली ही एक ओळ आहे. हेतू खरा होता. सोय मात्र फार मोहात पाडणारी निघाली. जमिनीशी संबंध नसलेले कायदेही तिथे शिरले, आणीबाणीत ‘मिसा’ हा विनाखटला स्थानबद्धतेचा कायदासुद्धा, तो १९७८मध्ये बाहेर काढला. यादी अखेर २८४ क्रमांकापर्यंत गेली.

न्यायालय गप्प बसले नाही. १९६७च्या गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांची कपात संसदेला करता येणार नाही असे म्हटले. संसदेने १९७१मध्ये २४वी दुरुस्ती करून तो अधिकार परत घेतला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा फरकाने मधला मार्ग काढला: दुरुस्ती कोणत्याही कलमाची करा, घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. ‘मूलभूत चौकट’ हे शब्द घटनेत कुठेच नाहीत. तरीही १९७६च्या ४२व्या दुरुस्तीतला या मर्यादेवर मात करण्याचा भाग १९८०च्या मिनर्व्हा मिल्स निकालात याच कसोटीवर पडला. २००७मध्ये नऊ न्यायाधीशांनी नववे परिशिष्टही तिच्या कक्षेत आणले. २४ एप्रिल १९७३ नंतर आत गेलेल्या कायद्यांना आता आपोआप अभय नाही. ज्या मालमत्तेच्या हक्कावरून हे सगळे सुरू झाले तो ४४व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढून ३००-अ मध्ये नेला. तो हक्क देणाऱ्या कलम ३१च्या जागी आता फक्त ‘वगळले’ असे छापतात.

गाजावाजा न होता झालेले बदलही आहेत. कलम ३३४ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या लोकसभा आणि विधानसभांतील राखीव जागांची मुदत मुळात दहा वर्षे होती. ती वीस, तीस, चाळीस करत २०२०पर्यंत ऐंशीवर गेली. सात दुरुस्त्या, आणि प्रत्येक वेळी मुख्य बदल एवढाच.

२०२३ची १०६वी दुरुस्ती महिलांसाठी लोकसभेत आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा राखते, त्यासाठी ३३०-अ आणि ३३२-अ आले. सोबतच्या ३३४-अ ने मात्र अट घातली: दुरुस्ती लागू झाल्यानंतरची पहिली जनगणना आणि तिच्या आधारे मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच हे आरक्षण सुरू होईल, आणि तेही पंधरा वर्षांसाठी. पुढे मुदत वाढवायची की नाही, हे संसदेने ठरवायचे.